स्टॉकहोम करार आणि नागपूरचे प्रादेशिक केंद्र

टिकाऊ सेंद्रिय प्रदूषकांना आळा घालणारा आंतरराष्ट्रीय करार. २२ मे २००१ रोजी तो स्वीकारला गेला आणि १७ मे २००४ पासून अमलात आला. भारताने १३ जानेवारी २००६ रोजी त्याला मान्यता दिली. कराराच्या आशियातील प्रादेशिक केंद्रांपैकी एक नागपुरात, नेहरू मार्गावरील राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेत (नीरी) आहे. १९५८ साली सुरू झालेल्या या संस्थेला २०११ मध्ये केंद्राचा दर्जा मिळाला. रसायनांची तपासणी, प्रशिक्षण आणि तांत्रिक मदत ही त्याची कामे.

येथील ‘सेंद्रिय’चा सेंद्रिय शेतीशी संबंध नाही, कार्बनी संयुगे एवढाच त्याचा अर्थ. ही द्रव्ये वर्षानुवर्षे विघटित होत नाहीत, चरबीत साठतात आणि अन्नसाखळीत वरवर चढत जातात. उष्ण प्रदेशात ती उडतात, थंड हवेत खाली बसतात, पुन्हा उडतात. म्हणूनच ज्यांनी कधी शेतावर फवारणी पाहिली नाही, त्या उत्तर ध्रुवाजवळच्या इनुइट मातांच्या दुधात ती सापडली. एकट्यादुकट्या देशाने बंदी घालून हा प्रश्न सुटत नाही.

बंदी किंवा निर्बंध घालायच्या रसायनांच्या सुरुवातीच्या यादीत डीडीटी व अल्ड्रिन ही कीटकनाशके आणि ट्रान्सफॉर्मरमध्ये वापरले जाणारे पीसीबी यांसह १२ रसायने होती. डायॉक्सिन व फ्युरान ही त्यांतली दोन कोणी मुद्दाम बनवत नाही. उघड्यावर कचरा जळला की ती तयार होतात. भांडेवाडीच्या कचरा डेपोला आग लागते तेव्हा पूर्व नागपूरच्या घराघरांत शिरणाऱ्या धुराकडे याही नजरेने पाहायला हवे.

देशांचे राजकीय संबंध बिघडले तरी हा करार टिकून आहे. त्याचे मोठे श्रेय मोजमापाला द्यावे लागेल. हवेचा नमुना घेण्याचे साधन अगदी साधे असते: एकमेकांवर पालथ्या बसवलेल्या दोन स्टीलच्या वाडग्यांत फोमची चकती. ती साधारण तीन महिने टांगून ठेवतात, मग प्रयोगशाळेत तिने शोषलेली रसायने मोजतात. एकच पद्धत सगळीकडे वापरल्यामुळे एका देशाचे आकडे दुसऱ्याच्या आकड्यांशी ताडून पाहता येतात, आणि वाद निदान आकड्यांवर होतो.

वाद मात्र होतातच. अमेरिकेने सही केली, पण अजून मान्यता दिलेली नाही. २०१५ मध्ये पेंटाक्लोरोफेनॉल हे लाकूड टिकवण्याचे रसायन यादीत घेण्याला भारताने विरोध केला, तेव्हा कराराच्या इतिहासात प्रथमच मतदान घ्यावे लागले. डीडीटीला मलेरियासारखे रोग पसरवणाऱ्या कीटकांच्या नियंत्रणापुरती सूट आहे आणि भारताने ती घेतली. गरीब देशांना स्वस्त पर्याय हाती नसताना नुसती बंदी लादणे अन्यायाचे ठरते, हा भारताचा मुद्दा रास्त आहे. पण सवलत संपवण्याची तयारी दिसली नाही, तर त्याच मुद्द्याची पळवाट होते.

विदर्भाला हे सारे परके नाही. कपाशीवर पूर्वी मारले जाणारे एंडोसल्फान हे कीटकनाशक एप्रिल २०११ मध्ये जिनिव्हाच्या बैठकीत यादीत आले. केरळातल्या कासरगोडच्या काजूबागांवर झालेल्या हवाई फवारणीचे भीषण परिणाम तोवर देशासमोर होते. पुढच्याच महिन्यात, १३ मे रोजी, सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या उत्पादनावर आणि वापरावर देशभर बंदी घातली.

मे २०२५ मध्ये क्लोरपायरिफॉसची पाळी आली. वाळवी म्हटले की कृषी सेवा केंद्रात शेतकरी मागतो ते हेच औषध. काही वापरांना ठरावीक मुदतीची सूट ठेवून ते यादीत घेतले गेले. यादीतली नवी भर भारताला आपोआप लागू होत नाही. प्रत्येक रसायनासाठी सरकारला वेगळी मान्यता द्यावी लागते.