व्हर्ट आधी, रस्ता नंतर: अग्रेसिव्ह इनलाइनच्या पहिल्या व्यावसायिक स्पर्धा

1995च्या जूनअखेर ईएसपीएनने अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यात ‘एक्स्ट्रीम गेम्स’ भरवले, तेव्हा अग्रेसिव्ह इनलाइनची, म्हणजे एका रांगेत चाकं असलेल्या स्केटवरच्या उड्या-कसरतींची, व्यावसायिक स्पर्धा जेमतेम वर्षाची होती. त्याआधी 1994 साली अमेरिकेत नॅशनल इनलाइन स्केट सिरीज सुरू झाली होती आणि त्याच वर्षी अग्रेसिव्ह स्केटर्स असोसिएशन, म्हणजे एएसए, उभी राहिली. पुढे क्रमवारी आणि स्पर्धांचे नियम हे काम मुख्यतः एएसएकडेच आलं.

खेळ लहान होता, पण टीव्हीला नवे खेळ हवेच होते. बंजी जंपिंग, स्ट्रीट ल्यूज, स्कायसर्फिंग अशा खेळांच्या रांगेत इनलाइनला जागा मिळाली. 1996पासून या सोहळ्याचं नाव ‘एक्स गेम्स’ झालं. बंजीसारखे प्रकार लवकरच गळाले, इनलाइन मात्र दहा वर्षं टिकलं.

स्पर्धेचा साचा सरळ स्केटबोर्डकडून उचललेला होता: एक व्हर्ट, एक स्ट्रीट. स्ट्रीट म्हणजे रस्त्यावर असतात तशा रेलिंग, जिने आणि कठड्यांवरच्या कसरती. व्हर्ट म्हणजे इंग्रजी यू आकाराचा लाकडी हाफपाइप. त्या काळात उंची साधारण 11 फूट आणि वरचा फूटभर भाग अगदी उभा. काठावर लोखंडी नळी, तिला कोपिंग म्हणतात. खेळाडू एका भिंतीवरून हवेत उडतो, गिरकी घेऊन त्याच भिंतीवर उतरतो आणि समोरच्या भिंतीकडे जातो. उतरताना चाकं उभ्या भागावर टेकली तर वेग टिकतो. जरा आत, सपाटीकडे उतरलं की सगळा भार गुडघ्यांवर येतो आणि पुढच्या उडीला लागणारी उंची हातची जाते. म्हणून एक चुकलेलं लँडिंग मिनिटभराच्या फेरीतल्या पुढच्या तीन-चार उड्यांचं नुकसान करतं.

1995च्या पुरुषांच्या व्हर्टमध्ये पहिले तिघेही ऑस्ट्रेलियाचे निघाले: टॉम फ्राय, सेझार मोरा, मॅन्युएल बिलिरिस. स्ट्रीटचं सुवर्णही ऑस्ट्रेलियाच्याच मॅट सालेर्नोने नेलं. महिलांच्या व्हर्टमध्ये न्यूझीलंडची टॅश हॉजसन पहिली आली. इनलाइन स्केट खपवणारी रोलरब्लेड कंपनी अमेरिकेतल्या मिनियापोलिसची, टीव्ही अमेरिकेचा, आणि पदकं पॅसिफिकपलीकडे! पुढच्या वर्षी व्हर्ट डेन्मार्कच्या रेने हुलग्रीनने जिंकलं. स्ट्रीटमध्ये तेव्हा अमेरिकेच्या आर्लो आयझेनबर्गने बाजी मारली. मासिकं, कपडे, चाकं अशा सगळ्यांत त्याचा हात होता. त्याची ‘सेनेट’ ही खेळाडूंनीच काढलेली कंपनी.

स्ट्रीटची खरी अडचण सामानाची होती. आपल्याकडे स्केटिंगच्या क्लासमध्ये दिसणाऱ्या स्पीड स्केटला आता 90 ते 110 मिलिमीटरची चाकं असतात. ग्राइंडसाठी असली चाकं कुचकामी. ग्राइंड म्हणजे रेलिंगवर किंवा कठड्याच्या धारेवर बुटाच्या खालच्या भागाने घसरत जाणं. चार सारखी मोठी चाकं असली तर दुसऱ्या आणि तिसऱ्या चाकामधली फट अगदीच अरुंद. रेलिंग चाकाला टेकलं की चाकाचं युरेथेन, म्हणजे रबरासारखं प्लास्टिक, ते पकडून धरतं. पाय जागच्या जागी थांबतो, शरीर पुढे जातं. फ्रेमबाहेर, म्हणजे चाकं धरून ठेवणाऱ्या बुटाखालच्या सांगाड्याबाहेर, आलेलं बोल्टचं डोकंही तसंच अडकतं. नुसत्या नायलॉनच्या फ्रेमवर घासत राहिलं तर ती झिजून मधोमध तडकते. आणि टाचेचा ब्रेक उलटं जाताना अडकतो, म्हणून तो पहिल्यांदा काढून टाकायचा.

खेळाडूंनी यावर घरगुती उपाय काढले. प्लास्टिकचा किंवा धातूचा तुकडा कापून फ्रेमला स्क्रूने बसवायचा आणि स्क्रूची डोकी पृष्ठभागाच्या आत बुडवायची. नाहीतर तीच डोकी रेलिंगला लागतात. मग कंपन्या तयार ग्राइंड प्लेट विकू लागल्या. मधली दोन चाकं लहान आणि कडक झाली, त्यांच्या मधला भाग पुढे एच-ब्लॉक म्हणून ओळखला गेला. बुटाच्या तळाची बाहेरची कड रुंद करून सोल प्लेट आली. सोल ग्राइंडमध्ये मागचा पाय या कडेवर आणि पुढचा पाय एच-ब्लॉकवर असतो. सांगायचं हे, की बक्षिसं आधी ठरली आणि ज्या बुटांवर ती जिंकायची ते बूट स्पर्धा चालू असतानाच घडत होते.

गुण देताना आणखी एक पेच होता. व्हर्टवरची उंची आणि गिरक्या घरी बसलेल्या प्रेक्षकालाही कळतात. स्ट्रीटमध्ये कोणता पाय कुठल्या कडेवर टेकला, शिरताना किती वळण घेतलं, नेहमीच्या बाजूने की उलट्या, यावर अवघडपणा ठरतो आणि कॅमेरा पंधरा फुटांवर असला की हे सगळं सारखंच दिसतं. परीक्षक बहुधा जुने खेळाडू, त्यांना फरक कळायचा. प्रेक्षकाला गुण का कमी-जास्त झाले ते उमगायचं नाही. माझ्या मते व्हर्टला जे झुकतं माप मिळालं त्याचं मूळ इथे आहे.

महिलांच्या व्हर्टमध्ये ब्राझीलच्या फाबिओला दा सिल्वाने 1996, 1997 आणि 1998 अशी सलग तीन वर्षं सुवर्ण घेतलं. पुढे एएसएने महिलांना पुरुषांच्या व्हर्टमध्ये उतरायची मुभा देणारा नियम केला, तो ‘फाबिओला नियम’ म्हणूनच ओळखला जातो. नियम चांगलाच, पण एवढी उंची गाठणाऱ्या मुली मोजक्याच होत्या, बाकीच्यांना त्याचा फारसा उपयोग नव्हता.

1999पासून व्हर्टवर जपानच्या एइतो आणि ताकेशी यासुतोको या भावांची सद्दी सुरू झाली. मध्ये 2001 साली फ्रान्सच्या ताइग ख्रिसने सुवर्ण नेलं, तेवढा अपवाद. एक्स गेम्समधलं शेवटचं व्हर्ट 2004 साली ताकेशीने जिंकलं आणि 2005च्या कार्यक्रमात इनलाइन नव्हतं. स्ट्रीट त्याआधीच वगळलं गेलं होतं.

रस्त्यावरच्या खेळाडूंनी तोवर आपली वेगळी चूल मांडली होती. 2000च्या आसपास सुरू झालेल्या ‘आय मॅच युअर ट्रिक असोसिएशन’च्या स्पर्धा शहरातल्या खऱ्या जिन्यांवर आणि रेलिंगवर व्हायच्या. एकाने ट्रिक केली की ती बाकीच्यांनी करून दाखवायची, न जमणारा बाद.