नाळ कापायची घाई नको

पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की गडचिरोलीतल्या भामरागडचा बाहेरच्या जगाशी संपर्क तुटतो. म्हणून दिवस भरत आलेल्या बायांना आधीच दवाखान्याजवळ, ‘माहेरघर’ नावाच्या मुक्कामाच्या जागी आणून ठेवतात. खरी तयारी हीच. पण काही बाळं दवाखान्यात पोहोचेपर्यंत थांबत नाहीत, अगदी शहरातही. अशा वेळी आधी रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन, आणि तो स्पीकरवर चालूच ठेवायचा.

बाळाला ओढायचं नाही, ते आपणहून येतं. हात साबणाने धुऊन, खाली स्वच्छ कापड पसरून त्याचं डोकं फक्त तोलायचं.

बाळ सदतीस अंशांच्या उबेतून येतं, तेही ओलंचिंब. अंगावरचं पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं. माठातलं पाणी गार होतं तेही असंच! म्हणून पंखा बंद करायचा आणि धुतलेल्या सुती साडीने बाळाचं डोकं, पाठ खसखसून पुसायची. हे पुसणंच त्याला श्वास घ्यायला जागं करतं. मग ओलं कापड बाजूला टाकून बाळाला आईच्या उघड्या छातीवर ठेवायचं आणि दोघांवर कोरडं पांघरूण घालायचं. पुसूनही श्वास सुरू होत नसेल तर फोनवर लगेच सांगायचं.

नाळ दिसली की घरातल्यांना कात्री आठवते. माझं कळकळीचं सांगणं आहे, थांबा. जन्मताना बाळाचं जवळपास एक तृतीयांश रक्त वारेत, म्हणजे नाळेचं दुसरं टोक जिला जोडलेलं असतं त्या अवयवात, असतं आणि पुढच्या एक ते तीन मिनिटांत त्यातलं बरंचसं बाळाकडे येतं. बोटांत धरली तर नाळ ठकठक उडताना जाणवते. हळूहळू ठोके विरतात, ती पांढरी, ढिली पडते. गाडी येणार असेल तर कापायची गरजच नाही. वार पडली की पिशवीत घालून बाळासोबतच न्यायची.

वार ओढली तर गर्भपिशवी उलटू शकते, रक्त थांबत नाही. बाळाला अंगावर पाजायला घेतलं की आईच्या शरीरात ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक सुटतं आणि गर्भपिशवी आवळते. वार पडल्यावर बेंबीखाली घट्ट चेंडूसारखा गोळा हाताला लागायला हवा. मऊ लागला तर पोट चोळायचं. कापडामागून कापड भिजत असेल तर ती जिवावरची वेळ. फोनवर लगेच तसं सांगायचं.

नाळ कापावीच लागली तर उकळलेल्या दोऱ्याने दोन ठिकाणी घट्ट बांधून मधोमध नव्या ब्लेडने कापायची. त्यावर राख, शेण, हळद काहीही लावायचं नाही. धनुर्वाताचे जंतू याच वाटेने बाळाच्या अंगात शिरतात.