अजिंठ्याच्या भिंतीवरचं जहाज

जुनी शिडाची बोट दुरुस्त करायची तर निदान बोट समोर उभी असते. कुजलेली फळी काढायची, तिच्याच मापाची नवी बसवायची. नकाशा हरवला असला तरी लाकूड बरंच काही सांगतं. नौदलाच्या ‘कौंडिण्य’ जहाजाच्या वेळी ती सोय नव्हती. पाचव्या शतकातलं जहाज नव्यानं बांधायचं होतं, पण ना नकाशा होता ना सांगाडा. होतं ते एक चित्र, आणि तेही आपल्या मराठवाड्यात, समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, वाघूर नदीच्या कड्यात.

अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात पूर्ण नावाच्या बौद्ध भिक्षूची कथा रंगवली आहे. त्यात व्यापाऱ्यांचं जहाज संकटात सापडतं. जहाजाला तीन डोलकाठ्या, त्यांवर उंच, अरुंद, चौकोनी शिडं. नाळेवर, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकावर, डोळा काढलेला. मागे सुकाणूचं लांब वल्हं, आणि छपराखाली ओळीनं मांडलेले रांजण. मी दर वेळी त्या रांजणांपाशी थांबतो. गोष्ट सांगायला नुसती होडी पुरली असती. रांजण जहाजावर कुठे ठेवतात हे ज्यानं काढलं, त्यानं जहाज पाहिलं असणार, किंवा जहाजावर राहिलेल्या माणसाकडून नीट ऐकलं असणार.

अशी माणसं इकडे येत-जात होतीच. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात पैठण आणि तेर दोन्ही आहेत. गुजरातेतल्या भडोचहून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर, तिथून पूर्वेला तेर आणखी दहा दिवसांवर. पैठणचे अकीकसारखे दगड आणि तेरचं कापड गाड्यांवर लादून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचच्या बंदरात जाई. चित्र त्यानंतर चारेकशे वर्षांनी रंगलं, पण समुद्राशी आपलं नातं किती जुनं होतं ते यावरून कळतं.

हे चित्र आपल्यापर्यंत पोचलं हेच नवल. १८१९ मध्ये शिकारीला आलेल्या जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेस लेणी पडली. लष्करी अधिकारी आणि चित्रकार रॉबर्ट गिल यांनी १८४४ पासून वर्षानुवर्षं राबून चित्रांच्या नकला केल्या. त्यातल्या बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. मग मुंबईच्या जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन आले. त्यांच्याही अनेक नकला १८८५ च्या आगीत जळाल्या, पण छापलेल्या ग्रंथात जहाज टिकलं आणि अभ्यासकांच्या हाती लागलं. पुढे निजामाच्या सरकारनं १९२० च्या सुमारास दोन इटालियन तज्ज्ञ आणले. रंगांचे पोपडे गळायचे थांबले, पण वर दिलेलं लाखेचं व्हार्निश काळानं पिवळं पडलं आणि ते काढण्यासाठी पुरातत्त्व खात्याला पुढे फार जपून काम करावं लागलं. जुनं जपताना आज दिलेला हात उद्या कुणालातरी खरवडावा लागतो, हे बोटीच्या सुतारालाही ठाऊक असतं.

चित्रात न दिसणारी गोष्ट म्हणजे फळ्यांची जोडणी. ती आली केरळच्या कारागिरांच्या हातातून. त्यांचे प्रमुख बाबू शंकरन यांच्या देखरेखीखाली गोव्यात फळ्या वाफेवर वाकवल्या गेल्या. कडेला भोकं पाडून, सांध्यावर नारळाच्या तंतूंची भर घालून काथ्याच्या दोरीनं त्या शिवल्या आणि वरून राळेनं सांधे बुजवले. लोखंडी खिळा नाही. आपल्याकडे लोखंड नव्हतं असं नाही. शिवलेलं जहाज लाटेबरोबर थोडं वाकतं, वाळूवर आदळलं तरी सहसा फुटत नाही. पोर्तुगीज आल्यानंतर खिळ्यांची पद्धत पसरत गेली आणि शिवणारे हात कमी होत गेले.

पाण्याखालचा भागही भिंतीवर दिसत नाही. तो ठरवायला आयआयटी मद्रासमध्ये चाचण्या झाल्या. बांधणीची सुरुवात सप्टेंबर २०२३ मध्ये झाली, २१ मे २०२५ रोजी कारवारला जहाज नौदलात दाखल झालं. डिसेंबरअखेर पोरबंदर सोडून, इंजिनाशिवाय, ते जानेवारी २०२६ मध्ये मस्कतला पोचलं.

सहलीची पोरं फर्दापूरहून बसनं लेण्यांपाशी येतात आणि पहिल्या लेण्यातला पद्मपाणी पाहून पुढे सरकतात. त्यांना दुसऱ्या लेण्यात जरा थांबवा, आणि रांजण मोजायला सांगा.