मेंदूची ठेवण आणि भाषेची बाजू

जत, आटपाडी किंवा कवठेमहांकाळकडून अर्धांगवायूचा रुग्ण मिरजेच्या दवाखान्यात आणला जातो, तेव्हा नातेवाईक पुष्कळदा एका दमात दोन गोष्टी सांगतात: 'आबांची उजवी बाजू गेली आणि वाचाही बसली.' या दोन तक्रारींची जोडी योगायोगाने जमलेली नसते. शरीराच्या उजव्या बाजूची हालचाल मेंदूच्या डाव्या गोलार्धाकडे असते आणि बहुसंख्य माणसांत भाषेचा मुख्य कारभारही तोच गोलार्ध पाहतो. त्यामुळे डावीकडच्या एका मोठ्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली, की हातपाय आणि बोलणे या दोहोंवर एकदम घाला पडतो. (डावी बाजू गेलेल्याचेही बोलणे कधीकधी बोबडे होते, पण तो दोष स्नायूंचा असतो. त्याला शब्द सापडतात आणि समोरच्याचे बोलणे कळते.)

पॅरिसचे शल्यवैद्य पॉल ब्रोका यांनी १८६१ मध्ये ज्या रुग्णाचा मेंदू तपासला, त्याला 'तां' या एका उच्चाराखेरीज जवळजवळ काहीच बोलता येत नसे, आणि त्याच्या मेंदूच्या डाव्या पुढच्या भागात इजा आढळली. असे आणखी रुग्ण पाहिल्यावर १८६५ मध्ये त्यांनी भाषा डाव्या गोलार्धाशी जोडली. पुढे १८७४ मध्ये जर्मनीच्या कार्ल वेर्निके यांनी, बोलण्याचा ओघ टिकूनही अर्थ हरवतो अशा रुग्णांचे वर्णन केले. त्यांची इजा डावीकडेच, पण कानामागच्या बाजूला होती.

मग डावा गोलार्ध दिसायलाही वेगळा असतो का? नॉर्मन गेश्विंड आणि वॉल्टर लेवित्स्की यांनी १९६८ मध्ये १०० मेंदूंमधला, श्रवणकेंद्रामागे असणारा 'प्लॅनम टेम्पोराले' हा भाग मोजला. तो ६५ मेंदूंत डावीकडे मोठा, ११ मध्ये उजवीकडे मोठा आणि २४ मध्ये दोन्हीकडे जवळपास सारखा निघाला. हा फरक गर्भाच्या साधारण ३१व्या आठवड्यापासून, म्हणजे बाळाच्या तोंडून पहिला शब्द फुटण्याच्या कितीतरी आधी, दिसू लागतो. भाषेचे घर सापडले, असे तेव्हा अनेकांना वाटले असल्यास नवल नाही.

पण हिशेब जुळत नाही. उजव्या हाताने कामे करणाऱ्या शंभरांतल्या सुमारे ९५ जणांची भाषा डाव्या गोलार्धात असते. डावखुऱ्यांतही बहुतेकांची तिथेच असते आणि पक्क्या डावखुऱ्यांपैकी साधारण एक चतुर्थांश लोकांचीच ती उजवीकडे आढळते. म्हणजे ज्यांचा हा भाग डावीकडे मोठा नाही, अशांपैकीही अनेक जण डाव्याच गोलार्धाने बोलतात. शिवाय १९९८ मध्ये तपासलेल्या १८ चिंपांझींपैकी १७ जणांच्या मेंदूत हाच भाग डावीकडे मोठा निघाला, आणि चिंपांझी काही बोलत नाहीत. त्याहून बोलका पुरावा, माझ्या मते, हृदय उजवीकडे आणि यकृत डावीकडे असलेल्या व्यक्तींचा आहे. अशा थोड्या जणांचा अभ्यास झाला, तेव्हा त्यांच्या मेंदूच्या बाह्य आकारातला नेहमीचा डावा-उजवा फरक उलटा झालेला दिसला, पण त्यांची भाषा डावीकडेच होती.

ऐकण्याच्या व बोलण्याच्या भागांना जोडणारा 'आर्क्युएट फॅसिक्युलस' हा तंतूंचा जुडगाही सरासरीने डावीकडे अधिक भक्कम असतो. तरीही एखाद्या व्यक्तीचा साधा एमआरआय पाहून तिची भाषा कोणत्या बाजूला आहे, हे खात्रीने सांगता येत नाही. जन्माच्या सुमारास डाव्या गोलार्धाला मोठी इजा झालेली अनेक मुले उजव्या गोलार्धाच्या आधाराने बोलायला शिकतात. हीच इजा साठीत झाली, तर तेवढी भरपाई क्वचितच होते.

म्हणूनच आकडीच्या आजारासाठी मेंदूची शस्त्रक्रिया करण्यापूर्वी शल्यवैद्य आकारावर विसंबत नाहीत. जपानी वैद्य जून वाडा यांनी १९४९ मध्ये एकेका गोलार्धाला औषधाने काही मिनिटे गुंगी आणून भाषा तपासण्याची पद्धत मांडली. आता ते काम बऱ्याच ठिकाणी फंक्शनल एमआरआयवर, म्हणजे बोलताना-ऐकताना मेंदूचा कोणता भाग कामाला लागतो हे दाखवणाऱ्या तपासणीवर, भागते. गरज पडल्यास रुग्णाला जागे ठेवून, चित्रे दाखवून त्यांची नावे विचारत शस्त्रक्रिया केली जाते. दोन भाषांची केंद्रे एकाच गोलार्धात असूनही त्यांच्या काही जागा वेगळ्या असू शकतात. त्यामुळे जतकडच्या, घरी कन्नड आणि बाजारात मराठी बोलणाऱ्या रुग्णाला चित्रातल्या बैलाचे नाव दोन्ही भाषांत विचारावे लागते.