वर्गातला कॅमेरा: वर्तनाची नोंद वेगळी, मनाचा अंदाज वेगळा

मध्यंतरी कोल्हापुरातल्या एका शाळेत एका कंपनीचा माणूस वर्गातल्या कॅमेऱ्याची एआय यंत्रणा दाखवायला आला होता. पडद्यावर आठवीचा वर्ग आणि प्रत्येक मुलाभोवती चौकट. बहुतेक चौकटी हिरव्या, तिसऱ्या बाकावरच्या एका मुलाची तेवढी लाल. तिच्याखाली अक्षरं उमटली, 'मान खाली'. लगेच शेजारी, 'लक्ष नाही'. दोन्ही एकाच टायपात, त्यामुळे जमलेल्या शिक्षकांना ती एकच गोष्ट वाटली. मी बी.एड.चे सराव पाठ तपासत आलोय, म्हणून मी तिथंच अडखळलो. मान खाली गेलेली कॅमेऱ्याला दिसली होती. लक्ष नाही, हे ठरवलेलं होतं.

त्या वर्गाच्या बाई माझ्या शेजारीच बसल्या होत्या. हळूच म्हणाल्या, "सर, त्याच्या घरी दोन म्हशी आहेत. पहाटे धारा काढून, संस्थेत दूध घालून मग एसटीनं येतोय तो. झोप आलीय त्याला." लक्ष नाही म्हटलं की पोराला ओरडा बसतो. झोप आलीय हे कळलं तर बाई त्याला तोंडावर पाणी मारून यायला सांगतात, घरच्यांशी बोलतात. नाव काय देतो, त्यावर पुढचं सगळं ठरतं.

वर्तनाची नोंद होते कशी, ते आधी बघू. व्हिडिओतल्या प्रत्येक चित्रात यंत्र माणसाच्या शरीरावरचे ठरावीक बिंदू शोधतं. यंत्राला शिकवायला वापरतात त्या कोको नावाच्या प्रसिद्ध माहितीसंचात असे 17 बिंदू आहेत: नाक, डोळे, कान, खांदे, कोपरं, मनगटं, कंबर, गुडघे, घोटे. मनगट खांद्याच्या वर गेलं आणि थोडा वेळ तिथंच राहिलं, की 'हात वर'. नाक खाली झुकलं, की 'मान खाली'. पावसाळ्यात वर्ग अंधारला किंवा मागचं पोर पुढच्याच्या आड गेलं, की यंत्र चुकतं. पण ती चूक कुणालाही दाखवता येते. व्हिडिओ मागे न्यायचा आणि बघायचं, हात वर होता की नव्हता.

बी.एड. केलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. फ्लँडर्सच्या आंतरक्रिया विश्लेषणात, म्हणजे वर्गात कोण किती आणि कसं बोलतं हे मोजण्याच्या पद्धतीत, आपण हेच करायचो. मागच्या बाकावर तक्ता घेऊन बसायचं आणि दर 3 सेकंदांनी एक आकडा लिहायचा. एकूण 10 प्रकार: शिक्षकाच्या बोलण्याचे 7, विद्यार्थ्यांच्या बोलण्याचे 2 आणि शांतता किंवा गोंधळाचा 1. हात दुखून यायचा. ते मोजण्याचं काम यंत्रानं उचललं तर मला आनंदच आहे.

मनाचा अंदाज हे प्रकरण निराळं. चेहऱ्याच्या स्नायूंवरून राग, आनंद, भीती ओळखता येते ही समजूत मुख्यतः मानसशास्त्रज्ञ पॉल एकमन यांच्या कामातून रुजली, आणि बऱ्याच यंत्रणा तिच्यावरच उभ्या आहेत. 2019 मध्ये मानसशास्त्रज्ञ लिसा फेल्डमन बॅरेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषयावरच्या संशोधनाचा मोठा आढावा घेतला. केवळ चेहऱ्याच्या हालचालींवरून भावना खात्रीनं सांगता येत नाही, असं त्यांनी मांडलं. शिक्षकाला हे पटायला वेळ लागत नाही. कपाळाला आठ्या घातलेलं पोर चिडलेलं असेल, गणितात गुंतलेलं असेल, नाहीतर त्याला फळा दिसत नसेल.

यंत्र हे शिकतं कशावरून? आपल्याकडचंच उदाहरण घ्या. आयआयटी हैदराबादच्या संशोधकांनी 'डेझी' नावाचा संच तयार केला. त्यात 112 जणांच्या 9068 छोट्या चित्रफिती आहेत आणि प्रत्येकीवर कंटाळा, गोंधळ, गुंतलेपण, वैताग किती याची खूण आहे. काम मेहनतीचं आहे. पण त्या खुणा चित्रफिती बघणाऱ्या इतर माणसांनी केल्या आहेत. म्हणजे यंत्र शिकतं ते बघणाऱ्याला कंटाळलेला वाटणारा माणूस ओळखायला. स्वतः तो माणूस कंटाळला होता का, हा प्रश्न शिल्लकच राहतो.

तालमीतला वस्तादही "पट काढताना गुडघा उशिरा आला" म्हणतो आणि कधी "भ्यालास तू" असंही म्हणतो. हे दुसरं तो म्हणू शकतो, कारण त्या पैलवानाला तो लहानपणापासून लाल मातीत बघत आलाय. आणि पैलवान "नाही वस्ताद, पाय घसरला" असं सांगू शकतो. लाल चौकटीतल्या पोरानं कुणाला सांगायचं?

युरोपीय संघानं 2 फेब्रुवारी 2025 पासून शाळा-कॉलेजांत भावना ओळखणाऱ्या यंत्रणांवर बंदी घातली. वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणं तेवढी वगळली. आपल्या 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालच्या मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवायला मनाई करणारी तरतूद आहे. मात्र नियमांत शैक्षणिक संस्थांना शिकवण्याच्या कामापुरती आणि मुलांच्या सुरक्षेपुरती सूट आहे. त्यामुळे आपल्याकडे कुठं थांबायचं हे बऱ्याच अंशी शाळेनंच ठरवायचं आहे, आणि म्हणूनच मुख्याध्यापकांनी विकणाऱ्याला आधी विचारावं: तुमचं यंत्र मोजतं काय, आणि ठरवतं काय?

मी कॅमेरा वापरतो तो शिकवणाऱ्यासाठी. शाळेची आणि पालकांची परवानगी घेऊन मोबाइल वर्गाच्या मागे ठेवतो. त्यात मुलांच्या पाठी आणि वर झालेले हात दिसतात, चेहरे येत नाहीत. अमेरिकी शिक्षणसंशोधक मेरी बड रो यांनी दाखवलं होतं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम 1 सेकंद थांबतात, आणि 3 सेकंद थांबले तर मुलांची उत्तरं लांबतात, अधिक जण बोलतात. एका छात्राध्यापिकेनं अपूर्णांकाचा प्रश्न विचारला आणि लगेच उत्तरही स्वतःच दिलं. नंतर मला म्हणाली, "सर, मी थांबले होते की!" व्हिडिओ लावला. 1 सेकंदही भरला नव्हता.

पुढच्या पाठाला ती पाठीमागे हात धरून बोटांवर मोजत उभी राहिली. तिसऱ्या बोटाला खिडकीजवळच्या मुलीचा हात अर्धा वर गेला, खाली आला, पुन्हा वर गेला. नंतर व्हिडिओतले हात मोजणाऱ्या यंत्रानं त्याचे दोन हात मोजले. आम्ही एकच धरला आणि ती मुलगी काय म्हणाली ते ऐकायला व्हिडिओ पुन्हा मागे घेतला.