कापराची पुरचुंडी आणि डोंगरावरची हवा

मुक्तिनाथ-कैलासला निघालेल्या रत्नागिरी-चिपळूणच्या मंडळींना हमखास फॉरवर्ड येतो: कापूर हुंगत राहा, ऑक्सिजन कमी पडणार नाही.

कापूर ऑक्सिजन सोडत नाही. हवेत ऑक्सिजन सगळीकडे सुमारे २१ टक्केच. पण आपल्या किनाऱ्यावरचा हवेचा दाब ५,५०० मीटरवर जेमतेम निम्मा उरतो, म्हणून प्रत्येक श्वासात ऑक्सिजन कमी येतो. कापराने नाकात गारवा येतो, श्वास मोकळा झाल्यासारखा वाटतो. त्यामुळे ऑक्सिजन वाढला असं वाटणं स्वाभाविक आहे. हुंगण्याआधी आणि नंतर बोटाला ऑक्सिमीटर लावून आकडे ताडून पाहा.

खरी काळजी वेगळीच. पुरचुंडीच्या भरवशावर उंचीमुळे होणारी डोकेदुखी, मळमळ अंगावर काढली जाते. त्रास सुरू झाला की आणखी वर चढू नका. वाढला तर लगेच खाली उतरा. कापूर खाऊ तर मुळीच नका, तो विषारी आहे.