शर्यतीची व्यंगचित्रे (ग्रामीण विदर्भ)

शर्यतीची व्यंगचित्रे : घोड्यांच्या किंवा बैलांच्या शर्यतीवर, ती पळवणाऱ्या-पाहणाऱ्या माणसांवर आणि शर्यतीचे निमित्त करून बाकी कशावरही काढलेली विनोदी चित्रे. हा प्रकार वाढला तो इंग्लंडात, घोड्याच्या पाठीवर. विदर्भाच्या खेड्यात रेसकोर्स नाही. तिथे शर्यत म्हणजे शंकरपट आणि पळणारे जनावर म्हणजे बैल. त्यामुळे वर्तमानपत्रात आलेला जॉकी आणि त्याचा घोडा इथला वाचक पटाच्या डोळ्यांनी बघतो आणि त्याचे फारसे काही अडत नाही. कारण शर्यतीच्या चांगल्या व्यंगचित्रात टिंगल जनावराची नसतेच. ती असते जनावराच्या पाठीवर, मागे आणि कडेला जमलेल्या माणसांची.

इंग्लंडात अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हेन्री बनबरी आणि टॉमस रोलंडसन यांनी या चित्रांना वळण दिले. बनबरी यांनी १७८७ मध्ये जेफ्री गॅम्बॅडो या टोपणनावाने, वय उलटल्यावर घोडेस्वारी शिकू पाहणाऱ्यांसाठी एक थट्टेखोर सचित्र पुस्तक काढले. त्यातला स्वार गंभीर असतो आणि घोडा त्याहून शहाणा. १८४१ मध्ये सुरू झालेल्या ‘पंच’ साप्ताहिकात जॉन लीच यांनी शिकारीचे घोडे आणि त्यांवरून पडणारे साहेब रेखाटले. ‘व्हॅनिटी फेअर’ने तर नामांकित जॉकींनाच अर्कचित्राचा मान दिला. फ्रेड आर्चर या जॉकीचे ‘स्पाय’ या सहीचे, म्हणजे लेस्ली वॉर्ड यांचे, चित्र १८८१ चे आहे. पुढे अमेरिकी जॉकी टॉड स्लोन रिकीब आखूड बांधून, घोड्याच्या मानेवर ओणवा होऊन इंग्लंडात धावू लागला, तेव्हा लोकांनी त्याला ‘काठीवरचे माकड’ म्हटले. थोड्याच वर्षांत सगळे जॉकी तसेच बसू लागले. विसाव्या शतकात नॉर्मन थेलवेल यांची गोल गरगरीत तट्टे आणि त्यांवरच्या हट्टी मुली आल्या (‘पंच’, १९५३ पासून). अमेरिकेत ‘पेब’ या सहीने काढणारे फ्रेंच चित्रकार पिएर बेलॉक यांनी रेसच्या दैनिकात नोकरी करता करता जॉकींची प्रचंड भित्तिचित्रे रंगवली.

या चित्रांतली एक चूक मोठी टिकाऊ ठरली. जुन्या चित्रांतला घोडा पुढचे दोन पाय पुढे आणि मागचे दोन मागे ताणून हवेत तरंगतो. जेरिको या फ्रेंच चित्रकाराच्या १८२१ च्या डर्बीच्या चित्रातही तो तसाच आहे. १८७८ मध्ये एडवर्ड मायब्रिज यांनी कॅलिफोर्नियात धावत्या घोड्याची ओळीने छायाचित्रे घेतली. चारही पाय जमिनीवरून सुटतात हे खरे निघाले, पण ते पाय पोटाखाली गोळा होतात त्या क्षणी. चित्रकारांनी आपले घोडे सुधारले. व्यंगचित्रकारांनी नाही, आणि तेच बरे झाले. ताणलेला घोडा वेग दाखवतो, गोळा झालेला घोडा पोट दुखत असल्यासारखा दिसतो. पटाच्या बॅनरवरची बैलजोडीही अशीच चौफेर ताणलेली असते.

मुंबईत महालक्ष्मीचे रेसकोर्स १८८३ चे. विदर्भातल्या शेतकऱ्याचा त्याच्याशी संबंध आला तो बातमीपुरता. तरी घोड्याचे व्यंगचित्र इथे सहज चालते, कारण मराठीने त्याच्या ओळी आधीच लिहून ठेवल्या आहेत. घोडामैदान जवळ असते, घोडे कुठेतरी पेंड खाते, कागदी घोडे नाचतात, वरातीमागून घोडे येते, निवडणूक झाली की घोडेबाजार भरतो. यातले ‘वरातीमागून घोडे’ विदर्भात सगळ्यांत जास्त राबते. कापूस व्यापाऱ्याच्या गाडीत भरून गेल्यावर उघडणारे खरेदी केंद्र, सोयाबीन सडल्यावर येणारे पंचनाम्याचे पथक, पेरणी आटोपल्यावर मंजूर होणारे पीककर्ज : यांपैकी काहीही काढायचे तर एक मरतुकडे घोडे आणि त्याच्या मानेला लटकवलेली पाटी पुरते. इतके पुरते की चित्रकार आळशी होतो. मतपेटीच्या दिशेने धावणारे पाच उमेदवार-जॉकी हे चित्र तर दर निवडणुकीला नव्या चेहऱ्यांनी येते, आणि चेहरे झाकले तर ते कोणत्या सालचे हे ओळखता येत नाही.

अस्सल माल पटात आहे. कापणी-मळणी उरकली की हिवाळ्यात गावोगाव शंकरपट भरतात. हलकी छकडी, तिला जुंपलेली जोडी आणि वर धुरकरी, म्हणजे जोडी हाकणारा. कुठे दोन जोड्या शेजारशेजारच्या दानींवर, म्हणजे पळायच्या पट्ट्यांवर, एकदम सुटतात, कुठे एकच जोडी घड्याळाशी पळते आणि निकाल सेकंदाच्या तुकड्यांवर लागतो. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर या झाडीपट्टीच्या भागात दिवसा पट आणि रात्री नाटक असा बेत असतो, आणि घरोघरी पाहुण्यांची पंगत उठते. म्हणजे व्यंगचित्राला पात्रे शोधावी लागत नाहीत. जोडीच्या खुराकाचा हिशेब सांगताना फुलणारा आणि घराच्या कौलांचा विषय निघताच दुसरीकडे बघणारा मालक आहे. माईकवर बैलांच्या सात पिढ्या सांगणारा निवेदक आहे. हरलेल्या जोडीच्या मालकाला ‘दान खराब होती’ म्हणून धीर देणारा आणि तेच वाक्य जिंकलेल्यालाही ऐकवणारा पाहुणा आहे. अशा चित्राखाली ओळ वऱ्हाडीतच शोभते : ‘बैल त पयते बाप्पा, मालकच हापते.’ तीच प्रमाण मराठीत लिहिली की तिचा दम जातो.

बैलजोडी काढणे घोड्यापेक्षा अवघड आहे. घोडा एक, स्वार एक, आणि दोघांची डोकी एकमेकांजवळ. कोण कोणाला नेतो आहे हे एका रेषेत कळते. छकडीत धुरकरी मागे, बैल पुढे, मधे जू आणि दांडी. आठ पायांचा गुंता होतो, म्हणून हुशार चित्रकार गुडघ्याखाली धुरळा उडवून मोकळा होतो. वशिंड थोडे मागे सरकले तरी खेड्यातला वाचक हसतो, पण चित्रकाराला हवे त्या कारणासाठी नव्हे. उलट जोडीचा एक फायदा आहे जो एकट्या घोड्यात नाही : दोन तोंडे. एक बैल जीव तोडून पळतो आहे आणि दुसरा त्याच्याकडे तिरप्या डोळ्याने बघतो आहे, एवढ्यावर युतीचे सरकार, भावकीतली शेती आणि सहकारी संस्था हे तीनही विषय निघतात.

वऱ्हाडात तुतारी म्हणजे बैलाला टोचायची आरी लावलेली काठीही. तुतारी वाजवणारा माणूस २०२४ मध्ये एका पक्षाचे निवडणूक चिन्ह झाला, तेव्हा हा श्लेष विदर्भाच्या चित्रकारांना आयताच मिळाला.

कायद्याने या विषयाला काही काळ वेगळेच टोक आणले. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये घोड्यांची शर्यत हा नशिबाचा नव्हे, कौशल्याचा खेळ ठरवला होता. त्याच न्यायालयाने ७ मे २०१४ ला बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली. बैलाचे शरीर घोड्यासारखे धावण्यासाठी घडलेले नाही, हे त्यातले एक कारण होते. महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली, १६ डिसेंबर २०२१ ला अटींवर परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरवली. त्या मधल्या वर्षांत महालक्ष्मीचा घोडा पळत होता आणि पटाचा बैल गोठ्यात रवंथ करत होता. ही तुलना गावच्या पारावर रोज होत होती. प्राण्यांच्या छळाचा प्रश्न खरा होता, आणि शेपटी पिरगाळणारा व टोचणारा हात चित्रात न दाखवता नुसता अन्यायग्रस्त बैल काढणे ही अर्धी लबाडी होती, हेही नोंदले पाहिजे.

कागदाआधीपासून विदर्भात व्यंगाची आपली रीत आहे, आणि तीही बैलाच्याच सणाला धरून. पोळ्याला तोरणाखाली बैल उभे असताना झडत्या म्हणतात. पाटलापासून सरकारपर्यंत कोणालाही चार ओळींत चिमटा काढायचा आणि ‘एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव’ म्हणून मोकळे व्हायचे. दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबती, म्हणजे गावातली पीडा घालवायला मिरवत न्यायचे मोठे पुतळे, निघतात, काळी १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून. त्यांच्याबरोबरचे बडगे म्हणजे कागद, बांबू आणि चिंध्यांची चालती अर्कचित्रे. पोट सुटलेले, नाक वाढलेले, गळ्यात महागाईची नाहीतर भ्रष्टाचाराची पाटी. खेड्यांतही लहान मारबती निघतात. व्यंगचित्रातला मोठे डोके-बारीक अंग हा हिशेब इथल्या पोरांना छापील चित्राआधी बडग्यात भेटतो, आणि चित्राखालची ओळ झडतीत. चंद्रपूरला राहून व्यंगचित्रे आणि काष्ठशिल्पे करणारे मनोहर सप्रे यांच्यासारखा चित्रकार या मुलखात रमला, याचेही म्हणून नवल वाटत नाही.

आता ही चित्रे कागदापेक्षा मोबाइलवर जास्त फिरतात. पटाच्या तारखेच्या जाहिरातीत जोडीच्या फोटोशेजारी मालकाचा फोटो दुप्पट मोठा असतो. तिच्यात विनोद करायला फारसे काही उरत नाही.

अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरच्या पटात बायाही छकडी हाकतात. पटाच्या व्यंगचित्रांत बाई सहसा अजून कडेलाच उभी असते, डोक्यावर शिदोरीची पाटी घेऊन. काढणाऱ्याने पट पाहिलेला नाही, हे तिच्यावरून लगेच ओळखू येते.